खेळाच्या यंत्रांतून महासंगणक

डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी उभारलेला एक नवा महासंगणक जगापुढे आणला. 'कॉन्डॉर क्लस्टर' हे त्याचे नाव. सेकंदाला सुमारे पाचशे लाख कोटी आकडेमोडी करण्याची त्याची क्षमता होती आणि हवाई दलाच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळच्या जगातील पहिल्या चाळीस महासंगणकांत तो बसत होता. या महासंगणकाच्या मांडण्यांवर ओळीने रचलेली होती ती सोनी कंपनीची सतराशेहून अधिक 'प्लेस्टेशन ३' यंत्रे. दूरचित्रवाणी संचाला जोडून मुले ज्यांवर मोटारशर्यती आणि फुटबॉल खेळतात, तीच. जोडीला १६८ ग्राफिक्स प्रोसेसर आणि कामाची वाटणी करणारे ८४ सर्व्हर होते. एकूण खर्च आला सुमारे वीस लाख डॉलर. एवढ्याच क्षमतेचा महासंगणक रूढ मार्गाने घेतला असता, तर याच्या दहा ते वीस पट पैसे मोजावे लागले असते, असा प्रयोगशाळेचा हिशेब होता.

घरगुती गेम कन्सोल एकमेकांना जोडून महासंगणक उभारण्याचा हा उद्योग २००३ ते २०१४ या काळात अनेक विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी केला. कृष्णविवरांच्या गणितापासून गुप्तलिपीच्या भेदापर्यंत त्यातून खरोखरीचे संशोधन झाले. मात्र ज्या स्वस्ताईवर हा सारा डोलारा उभा होता, ती एका कंपनीच्या व्यापारी हिशेबातून आलेली होती. त्यामुळे त्या कंपनीच्या एका निर्णयाने ती आटूही शकत होती, आणि २०१० मध्ये नेमके तेच घडले. या उद्योगाचा इतिहास सांगताना यंत्राइतकाच हा हिशेबही पाहावा लागतो.

अनेकांचे बळ

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य, अतिवेगवान यंत्र, ही कल्पना १९७० आणि १९८० च्या दशकांतील क्रे कंपनीच्या संगणकांमुळे रूढ झाली. ती पुढे मागे पडली. एका प्रोसेसरचा वेग वाढवत नेण्यापेक्षा शेकडो साध्या प्रोसेसरांना कामाचे तुकडे वाटून देणे अधिक परवडते, हे हळूहळू पटू लागले. पुणेकर वाचकांना ही वाट अपरिचित वाटू नये. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास खळखळ केल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात खास महासंगणकासाठी घडवलेला प्रोसेसर नव्हता. बाजारात उपलब्ध असलेल्या 'ट्रान्स्प्युटर' या ब्रिटिश बनावटीच्या चिप समांतर जोडून तो बनवला होता.

याच विचाराचे आणखी घरगुती रूप १९९४ मध्ये अमेरिकेत दिसले. 'नासा'च्या गोडार्ड अंतराळ केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे ४८६ जातीचे पीसी इथरनेटच्या तारांनी जोडले, त्यांवर मोफत मिळणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि या जुळणीला 'बेवुल्फ' असे नाव दिले. बेवुल्फमुळे छोट्या विद्यापीठातील एखाद्या विभागालाही स्वतःचा संगणकसमूह उभारता येऊ लागला. पीसी जर चालतो, तर पीसीपेक्षा स्वस्त आणि आकडेमोडीत त्याहून तेज असे काही बाजारात मिळते का, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. उत्तर खेळण्यांच्या दुकानात होते.

त्रिमितीय खेळ हे मुळात अखंड चालणारे गणित असते. पडद्यावरची मोटार वळली, की तिच्या पृष्ठभागावरील हजारो त्रिकोणांचे प्रत्येक टोक नव्या जागी न्यावे लागते, त्यावर प्रकाश कसा पडेल ते ठरवावे लागते आणि हे सारे सेकंदाला तीस ते साठ वेळा करावे लागते. एकच सूत्र असंख्य आकड्यांना लावत जायचे, असे या कामाचे स्वरूप. वाऱ्याचा प्रवाह, रेणूंची हालचाल किंवा गुरुत्वलहरी यांचे गणितही याच जातीचे असते.

निर्यातबंदी आणि एक अफवा

मार्च २००० मध्ये जपानमध्ये 'प्लेस्टेशन २' विक्रीस आले. त्यातील 'इमोशन इंजिन' या प्रोसेसरची क्षमता सेकंदाला ६२० कोटी आकडेमोडींची होती. तिचा धसका पहिल्यांदा घेतला तो खुद्द जपान सरकारने. लष्करी उपयोग होऊ शकेल अशा वस्तूंच्या यादीत हे खेळणे घालून त्याच्या निर्यातीवर बंधने आणण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने क्षेपणास्त्रांसाठी हजारो प्लेस्टेशन जमवल्याची वार्ता पसरली. ती निखालस अफवा म्हणूनच सोडून द्यावी लागते, कारण त्या वेळी या यंत्रावर खेळाखेरीज दुसरे काही चालवण्याची किंवा ती परस्परांना जोडण्याची कोणतीही सरळ सोय नव्हती.

ती सोय सोनीनेच पुढे केली. 'प्लेस्टेशन २' साठी हार्ड डिस्क, कळफलक, माऊस, नेटवर्क जोडणी आणि लिनक्स असा संच कंपनीने २००२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणला. त्याचा लाभ घेऊन इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्राने २००३ मध्ये सुमारे ७० कन्सोल जोडले. खर्च पन्नास हजार डॉलरहून थोडा अधिक आला. कन्सोल प्लॅस्टिकच्या वेष्टनांतून सोडवून काढण्यातच बराच वेळ गेला, असे त्या चमूने तेव्हा सांगितले होते. मोठ्या यंत्रणा लाकडी खोक्यांतून घेण्याची सवय असलेल्या केंद्राला हे नवलाईचे वाटले असणार. प्रयोग गाजला, पण त्यातून फार मोठे काम निघाले नाही. प्रत्येक कन्सोलमध्ये अवघी ३२ मेगाबाइट मेमरी होती आणि तिच्यात कोणतेही गंभीर गणित मावणे कठीण होते.

सेल: एक मुकादम, सहा कामगार

खरी उलथापालथ झाली ती 'प्लेस्टेशन ३' मुळे. नोव्हेंबर २००६ मध्ये ते जपान आणि अमेरिकेत विक्रीस आले. सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनी २००१ पासून टेक्सासमधील ऑस्टिन येथे एकत्र काम करून त्यासाठी 'सेल' नावाचा प्रोसेसर घडवला होता. त्याची रचना समजून घेतल्याखेरीज पुढची कथा कळणार नाही.

सेलमध्ये एक सर्वसाधारण प्रोसेसर असतो. तो मुकादमाचे काम करतो. त्याच्या हाताखाली केवळ आकडेमोडीसाठी बनवलेले आठ छोटे प्रोसेसर असतात; ते कामगार. सगळे ३.२ गिगाहर्ट्झच्या तालावर चालतात. चिप बनवताना आठांपैकी एखादा कामगार सदोष निघाला, तरी ती चिप फेकून द्यावी लागू नये, म्हणून कन्सोलमध्ये सातच कामगार चालू ठेवलेले असत. त्यातला एक यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी राखीव. लिनक्स वापरणाऱ्याच्या वाट्याला सहा येत. या सहांतील प्रत्येकजण चार आकड्यांवर एकाच वेळी क्रिया करी आणि सहाजणांची मिळून क्षमता सेकंदाला सुमारे पंधरा हजार कोटी आकडेमोडींची होई. त्या काळातील चांगला पीसी याच्या बराच मागे होता.

किंमत होती प्रारूपानुसार ४९९ आणि ५९९ डॉलर. यंत्राचे भाग सुटे करून किंमत लावणाऱ्या 'आयसप्लाय' या संस्थेने नोव्हेंबर २००६ मध्ये जो अंदाज बांधला, त्यानुसार ४९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या कन्सोलच्या निर्मितीलाच सुमारे ८०६ डॉलर लागत होते. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे सोनी तीनशे डॉलरच्या आसपास पदरमोड करत होती. यात वेडेपणा काहीच नव्हता. यंत्र तोट्यात विकायचे आणि पुढची काही वर्षे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळाच्या तबकडीमागे मोबदला घेऊन तो तोटा भरून काढायचा, ही या धंद्याची जुनी रीत होती. वस्तरा स्वस्त देऊन पात्यांवर कमवावे, तसाच हा प्रकार.

संशोधक मात्र पाती घेत नव्हता. तो यंत्र घेऊन जाई आणि एकही खेळ विकत घेत नसे. त्याला मिळणारी सवलत प्रत्यक्षात इतर खेळाडूंनी भरलेल्या पैशांतून येत होती. हवाई दलाच्या २००९ च्या खरेदीपत्रकात हा हिशेब रोखठोक मांडलेला आहे: दोन सेल प्रोसेसर असलेल्या एका सर्व्हरला आठ हजार डॉलरपर्यंत पडतात, तेवढेच प्रोसेसर दोन प्लेस्टेशनमधून सुमारे सहाशे डॉलरमध्ये मिळतात.

याला जोड मिळाली ती कन्सोलच्या मेनूतील 'अदर ओएस' या पर्यायाची. मालकाला आपल्या यंत्रावर सोनीच्या व्यवस्थेखेरीज दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची अधिकृत मुभा हा पर्याय देत असे.

जुळणी आणि तिच्या अडचणी

प्रत्यक्ष जुळणी फारशी अवघड नसे. कन्सोलच्या हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, 'अदर ओएस' मधून 'यलो डॉग' किंवा तत्सम लिनक्स बसवायचे आणि सगळे कन्सोल गिगाबिट इथरनेटच्या स्विचला जोडायचे. एक साधा पीसी म्होरक्या म्हणून ठेवायचा. त्याच्याकडे फायली असत आणि काम वाटून देण्याची जबाबदारीही. यंत्रांमधील निरोपांसाठी महासंगणकांवर सर्रास वापरली जाणारी 'एमपीआय' ही पद्धत इथेही चाले. आठ-दहा कन्सोलची जुळणी एखादा चुणचुणीत विद्यार्थी आठवड्याभरात उभी करू शके. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील प्रा. फ्रँक म्युलर यांनी २००७ च्या आरंभी आठ कन्सोलचा असा समूह पाच हजार डॉलरच्या आसपास खर्चात उभारला होता.

कसोटी त्यानंतर सुरू होई. नेहमीच्या प्रोसेसरमध्ये लागणारी माहिती मेमरीतून जवळ आणून ठेवण्याचे काम यंत्र आपण होऊन करते. सेलच्या कामगारांना ही चैन नव्हती. प्रत्येकाजवळ २५६ किलोबाइटची छोटीशी जागा असे. आज्ञावली आणि आकडे दोन्ही तिच्यातच मावायला हवेत. कोणता आकडा कधी आणायचा, काम झाल्यावर तो कधी परत न्यायचा आणि ही ने-आण चालू असताना कामगार रिकामा बसू नये म्हणून दुसरा घास आधीच कसा तयार ठेवायचा, हे सारे प्रोग्रामरने स्वतः लिहायचे. पीसीवर उत्तम चाललेली आज्ञावली इथे तशीच आणून घातली, तर ती एकट्या मुकादमावर रखडत चाले आणि सहा कामगार हातावर हात ठेवून बसत. स्वस्त यंत्राची किंमत अशी माणसांच्या तासांत मोजावी लागे. वृत्तपत्रांतून 'पाच हजार डॉलरचा महासंगणक' असे मथळे येत, त्यांत हे तास धरलेले नसत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे श्रम जवळजवळ फुकटात मिळणाऱ्या विद्यापीठांतच हा उद्योग अधिक फोफावला, यामागचे कारण मला हेच दिसते.

दुसरी अडचण मेमरीची. कन्सोलमध्ये मुख्य मेमरी २५६ मेगाबाइट होती आणि ती वाढवण्याची सोय नव्हती. तिसरी नेटवर्कची: प्रोसेसर इतका वेगवान, की गिगाबिटची तार त्याच्यापुढे बोळासारखी अरुंद ठरे. टेनेसी विद्यापीठातील जॅक डोंगारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्येच या मर्यादांचा सविस्तर अहवाल लिहिला होता. जगातील पाचशे वेगवान संगणकांची यादी ठरवणाऱ्या चाचणीचे डोंगारा हे एक जनक, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होते. ज्या गणितात यंत्रांना सतत एकमेकांशी बोलावे लागते, त्यासाठी असा समूह उपयोगाचा नाही, हा त्या अहवालाचा मथितार्थ.

चौथी अडचण अधिक सूक्ष्म आहे. खेळातील मोटारीचे स्थान सात अंकांपर्यंत अचूक असले, तरी पुरते. विज्ञानात बहुधा पंधरा-सोळा अंक लागतात, कारण कोट्यवधी पायऱ्यांच्या गणितात बारीक चुका साचत जातात. पहिलीला एकेरी अचूकता म्हणतात, दुसरीला दुहेरी. प्लेस्टेशनमधील सेलचे कामगार एकेरी अचूकतेत झपाट्याने चालत. दुहेरीत त्यांचा वेग चौदाव्या हिश्श्यावर येई. यावर डोंगारा यांच्या गटाने आणि इतरांनी एक तोड अवलंबली. समीकरणांचे ढोबळ उत्तर एकेरी अचूकतेत झटपट काढायचे, ते किती चुकले एवढेच दुहेरीत तपासायचे आणि त्यानुसार सुधारणा करत जायचे. जड काम वेगवान मार्गाने होई आणि अंतिम उत्तर तरीही पूर्ण अचूक मिळे. ही पद्धत कन्सोलपुरती राहिली नाही. कमी अचूकतेत अतिवेगवान असलेल्या आजच्या ग्राफिक्स प्रोसेसरांवरही ती वापरली जाते.

कृष्णविवरे आणि बनावट शिक्का

या मर्यादा ओळखून ज्यांनी प्रश्न निवडले, त्यांना यश आले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमाउथ येथील शाखेत तेव्हा प्राध्यापक असलेले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. एखादा लहान तारा किंवा छोटे कृष्णविवर प्रचंड कृष्णविवराभोवती फिरत फिरत त्यात कोसळताना ज्या गुरुत्वलहरी निघतात, त्यांचे गणित करणे हा त्यांचा विषय. मोठ्या महासंगणकावर वेळ विकत घ्यायचा, तर एकेका फेरीला हजारो डॉलर लागत. तेवढ्याच पैशांत कायमचे यंत्र मिळते, हे लक्षात येताच त्यांनी २००७ मध्ये आठ कन्सोलचा समूह उभारला. त्यातील काही कन्सोल सोनीने देणगी म्हणून दिले होते. आपल्या कामापुरते हे आठ कन्सोल महासंगणकाच्या दोनशे प्रोसेसरांची बरोबरी करतात, असे त्यांनी सांगितले होते. 'आपल्या कामापुरते' हे शब्द महत्त्वाचे, कारण त्यांचे गणित लहान तुकड्यांत मांडता येत होते आणि मेमरीही कमी मागत होते. गुरुत्वलहरींची प्रत्यक्ष नोंद पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळेत झाली. तिची भारतीय बहीण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

गुप्तलिपीशास्त्रात तर हे यंत्र अक्षरशः हातचे हत्यार ठरले. तिथे असंख्य शक्यता एकामागून एक तपासायच्या असतात. प्रत्येक यंत्र आपापला तुकडा तपासत बसते, शेजाऱ्याशी बोलण्याची गरज क्वचितच पडते आणि मेमरीही थोडी लागते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रशास्त्र संस्थेत आर्यन लेन्स्ट्रा यांच्या प्रयोगशाळेने दोनशेहून अधिक प्लेस्टेशन मांडून ठेवले होते. संकेतस्थळ खरे की बनावट, हे ब्राउझर ज्या प्रमाणपत्रावरून ठरवतो, त्यावरील अंकीय शिक्क्यासाठी तेव्हा काही संस्था 'एमडी५' ही जुनी पद्धत अजूनही वापरत होत्या. ती कच्ची आहे, हे तज्ज्ञ २००४ पासून सांगत होते. ऐकले जात नव्हते. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिन येथील परिषदेत एका आंतरराष्ट्रीय गटाने, या कन्सोलच्या बळावर एक-दोन दिवसांच्या आकडेमोडीतून, सर्व ब्राउझर ज्यावर विश्वास ठेवतील असे बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवले. गैरवापर होऊ नये म्हणून त्याची मुदत मुद्दाम आधीच संपलेली ठेवली होती. त्यानंतर मात्र संबंधित संस्थेने ती पद्धत तातडीने सोडली. त्याच समूहाने २००९ मध्ये ११२ बिटांच्या वक्राधारित गुप्तलिपीचे कोडेही सोडवले. त्या काळातील तो विक्रम होता आणि काम जानेवारीपासून जुलैपर्यंत चालले होते.

याहून निराळा प्रकार स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'फोल्डिंग ॲट होम' चा. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, याचे गणित जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर वाटून करणाऱ्या या प्रकल्पात मार्च २००७ पासून घरोघरचे प्लेस्टेशन सामील झाले. सप्टेंबर २००७ मध्ये या जाळ्याने एक पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रियांचा, टप्पा ओलांडला. एकाच जागी असलेल्या यंत्राला तो टप्पा मे २००८ मध्ये गाठता आला. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील आयबीएमच्या त्या 'रोडरनर' मध्येही सेलचाच सुधारित अवतार होता, दुहेरी अचूकतेतील उणीव दूर केलेला. त्याच्या १२,९६० प्रोसेसरांचा वंश खेळण्याचा. काम मात्र अण्वस्त्रांच्या साठ्याची गणिते करण्याचे.

एप्रिल २०१०

ऑगस्ट २००९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ ची सडपातळ आवृत्ती जाहीर केली. तिच्यातून 'अदर ओएस' गाळलेले होते. जुन्या यंत्रांवर मात्र तो पर्याय शाबूत होता. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या अमेरिकी तरुणाने लिनक्सच्या वाटेने यंत्राच्या संरक्षक कवचाला भगदाड पाडल्याचे जाहीर केले. चोरट्या प्रतींचे खेळ आता चालू लागतील, या धास्तीने कंपनीने १ एप्रिल २०१० रोजी नवी अंतर्गत आज्ञावली प्रसृत करून जुन्या यंत्रांतूनही 'अदर ओएस' काढून टाकले. कारण दिले सुरक्षिततेचे. ही आज्ञावली घेण्याची सक्ती नव्हती. पण ती न घेणाऱ्याला सोनीच्या जाळ्यावर खेळता येणार नव्हते आणि पुढचे नवे खेळ चालण्याचीही हमी नव्हती. यंत्र विकताना ज्या दोन सोयींची जाहिरात केली, त्यांपैकी एक निवडा, असे ग्राहकाला सांगण्यासारखेच हे होते.

संशोधकांचे कन्सोल सोनीच्या जाळ्याला जोडलेलेच नव्हते, त्यामुळे चालू असलेले समूह चालूच राहिले. प्रश्न उद्याचा होता. यंत्र बिघडले तर बदली कुठून आणायची? दुरुस्तीला पाठवलेले यंत्र परत येताना लिनक्स गमावून येण्याची शक्यता. नवीन विकत घ्यावे, तर ते सडपातळ आवृत्तीचे. हवाई दलाच्या प्रयोगशाळेनेही ही चिंता तेव्हा बोलून दाखवली होती. सतराशे घरगुती यंत्रे रात्रंदिवस चालवायची, तर महिन्याला काही निकामी होणारच.

समूह बांधणाऱ्यांमुळे होणारा तोटा वाचवण्यासाठी सोनीने हे केले, असे तेव्हा काहीजण म्हणत. ते पटण्यासारखे नाही. प्लेस्टेशन ३ ची एकूण विक्री आठ कोटींच्या वर गेली. तिच्यात संशोधकांनी घेतलेली काही हजार यंत्रे म्हणजे दर्यामे खसखस. संशोधक कंपनीच्या हिशेबात नफ्याच्या बाजूला नव्हते आणि तोट्याच्या बाजूलाही नव्हते. चोरीचा बंदोबस्त करताना मध्ये आलेले ते एक किरकोळ गिऱ्हाईक होते, आणि ज्याच्यावर विज्ञानाची कामे बेतलेली आहेत त्याने गिऱ्हाईक म्हणून किरकोळ असणे, हीच या व्यवस्थेतील कच्ची कडी होती.

बंदोबस्त तरी साधला का? डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनमध्येच 'फेलओव्हरफ्लो' या गटाने दाखवून दिले, की सोनी आपल्या आज्ञावलींवर जो अंकीय शिक्का मारते, त्यात दर वेळी नवा असायला हवा असलेला यादृच्छिक आकडा कंपनीने कायम एकच ठेवला होता. त्यामुळे गुप्त किल्ली साध्या बीजगणिताने काढता येत होती. लिनक्सची सोय काढून घेतल्यानेच आम्ही या कामाला लागलो, असे त्या गटाचे म्हणणे होते. गंमत अशी, की तो शिक्काही वक्राधारित गुप्तलिपीचाच होता. जिच्या ११२ बिटांच्या कोड्यासाठी लोझानचे दोनशे प्लेस्टेशन सहा महिने राबत होते, त्याच घराण्याचा. ग्राहकांनी अमेरिकेत सोनीवर भरलेला सामूहिक खटला कित्येक वर्षे रेंगाळला आणि शेवटी तडजोडीने मिटला.

त्यानंतर

'अदर ओएस' राहिले असते, तरी हा उद्योग फार काळ टिकला नसता. एनव्हिडिया कंपनीने २००७ मध्ये 'कुडा' ही प्रणाली आणून ग्राफिक्स कार्डांवर सरळ वैज्ञानिक गणिते करण्याची वाट मोकळी केली होती. ग्राफिक्स कार्डही खेळाडूंच्या बाजारासाठीच बनते, लाखोंच्या संख्येने बनते म्हणून स्वस्त पडते. परंतु ते तोट्यात विकले जात नाही आणि त्याचा प्रोग्रामर हा कंपनीला हवासा गिऱ्हाईक असतो. नोव्हेंबर २०१० मध्ये चीनचा 'तियान्हे-१ए' हा सात हजारांहून अधिक एनव्हिडिया प्रोसेसर असलेला महासंगणक जगात पहिला आला. स्वतः कॉन्डॉरमध्येही ग्राफिक्स प्रोसेसर होतेच. सेलची वंशरेषा पुढे खुंटली. रोडरनर ३१ मार्च २०१३ रोजी बंद करण्यात आला. त्याच वर्षी आलेल्या 'प्लेस्टेशन ४' मध्ये पीसीच्याच घराण्यातील प्रोसेसर होता आणि दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची मुभा नव्हती.

शेवटचा मोठा प्रयोग पुन्हा खन्ना यांचाच. हवाई दलाच्या प्रयोगशाळेकडून मिळालेल्या कन्सोलची भर घालून त्यांनी २०१४ च्या सुमारास शेकडो प्लेस्टेशन, नाशवंत माल वाहून नेणाऱ्या शीत कंटेनरमध्ये बसवले. एवढ्या यंत्रांना थंड ठेवण्यासाठी वातानुकूलित दालन बांधणे आवाक्याबाहेरचे होते. मालवाहतुकीचा जुना कंटेनर तुलनेने अल्प किमतीत मिळत होता. पुढे ते ग्राफिक्स कार्डांकडे आणि मोबाइल उपकरणांसाठी बनवलेल्या कमी विजेवर चालणाऱ्या चिपकडे वळले.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीतही विक्रेत्याच्या शर्ती आल्याच. खेळाडूंसाठीच्या 'जीफोर्स' कार्डांची किंमत सर्व्हरसाठीच्या कार्डांच्या मानाने पुष्कळच कमी, म्हणून अनेक प्रयोगशाळा तीच कार्डे रॅकमध्ये बसवत होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये एनव्हिडियाने या कार्डांसोबत येणाऱ्या आज्ञावलीच्या परवान्यात एक कलम घातले: डेटा सेंटरमध्ये तिचा वापर करता येणार नाही. अपवाद केला तो फक्त ब्लॉकचेनच्या कामाचा. विद्यापीठांतून कुरबूर सुरू झाल्यावर, बिगरव्यापारी संशोधनाला आडकाठी करण्याचा आपला हेतू नाही, असा खुलासा कंपनीने केला. कलम मात्र तिने मागे घेतले नाही.